बूट की भाता?
उंच केलेल्या मालमोटारीच्या आसावरील गळतीसंबंधी

या पत्रिकेच्या वाचकांस प्रस्तुत लेखाचा विषय अस्थानी वाटण्याचा संभव आहे. गेल्या सत्रात पदव्युत्तर वर्गापुढे नाम आणि वस्तू यांच्या संबंधाचे विवेचन करीत असता मी मोटारीच्या एका रबरी भागाचे उदाहरण दिले. उदाहरण लांबले, तास संपला तरी शंका संपल्या नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी ते सविस्तर लिहून द्यावे असा आग्रह धरला. त्या आग्रहाचे फळ म्हणजे हा लेख होय. यात भाषाविचार थोडा आणि वंगण अधिक आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एका विद्यापीठात मी दोन वर्षे होतो. तेथे रस्ते लांब आणि सार्वजनिक वाहने विरळ. म्हणून एक जुनी टोयोटा टॅकोमा विकत घेतली. तिकडे जिला 'ट्रक' म्हणतात ती ही मागे उघडा हौदा असलेली छोटी मालमोटार. पहिल्या मालकाने खडकाळ वाटांवर जाण्याच्या हौसेने पुढील स्प्रिंगा बदलून गाडीचे तोंड सुमारे तीन इंच उंच केले होते. काही आठवड्यांतच डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगास काळे वंगण उडालेले दिसू लागले. दुरुस्तीच्या दुकानात निदान तत्काळ झाले : बूट फाटला. संपूर्ण आसदंडच बदलला गेला आणि माझ्या शिष्यवृत्तीचा बराच भाग त्यात खर्ची पडला. चार महिन्यांनी त्याच जागी तेच वंगण पुन्हा दिसले आणि 'बूट फाटला' हेच वाक्य मला पुन्हा ऐकावे लागले.

हा बूट कशासाठी असतो हे कळण्यास थोडी पूर्वपीठिका हवी. आपल्या बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाकाचा तुंबा त्याभोवती फिरतो. तेथे वंगण घातले, काम झाले. मोटारीच्या चालत्या चाकात मात्र आसाने स्वतः फिरून चाकास फिरवावयाचे असते. त्यातही पुढचे चाक खड्ड्यात खाली जाते, उंचवट्यावर वर येते आणि डावी-उजवीकडे वळतेही. म्हणजे फिरता दंड मध्येच वाकला पाहिजे, तरीही त्याचे फिरणे अखंड राहिले पाहिजे. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक याने अभ्यासलेला फुलीच्या आकाराचा सांधा हे काम करतो, परंतु एका दोषासह. दंडांमध्ये २० अंशांचा कोन असता पहिला दंड एकसारख्या गतीने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ६ टक्के मंद आणि दोनदा तितकाच जलद होतो. चाकास बसणारे हे हिसके चालकाच्या हातापर्यंत पोहोचतात. १९२० नंतरच्या दशकात आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने सहा पोलादी छर्ऱ्यांचा जो सांधा योजिला त्यात हा दोष राहिला नाही. कारण दंड कसेही वाकले तरी सगळे छर्रे दोन दंडांमधील कोनाच्या बरोबर मध्यप्रतलात राहतात. १९५९ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या मिनी मोटारीत हाच सांधा बर्फील्ड या नावाने वापरला गेला आणि पुढे तो सर्वत्र रूढ झाला. त्यास आपण समवेग सांधा म्हणू.

टॅकोमाच्या पुढील प्रत्येक आसदंडावर असे दोन सांधे असतात : चाकाजवळचा बाहेरचा आणि डिफरन्शियलजवळचा आतला. बाहेरचा सांधा पुष्कळ वाकू शकतो, कारण वळण घेण्याचा भार त्याच्यावर असतो. आतला त्या मानाने कमी वाकतो, पण तो आत-बाहेर सरकतो. चाक खालीवर होताना दंडाच्या लांबीत पडणारा फरक तोच सामावून घेतो. दोन्ही सांधे घट्ट काळ्या वंगणाने भरलेले असतात. हे वंगण आत राहावे आणि धूळ, पाणी, वाळू बाहेर राहावी म्हणून सांध्यावर घड्यांचे एक निमुळते आवरण चढवून ते दोन्ही टोकांस धातूच्या पट्ट्यांनी आवळतात. हाच तो बूट.

आता नावाकडे वळू. इंग्रजीच्या अमेरिकी व्यवहारात या आवरणास 'बूट' म्हणतात आणि आपल्याकडील गॅरेजांतही तोच शब्द चालतो. ब्रिटिश मंडळी त्यास 'गेटर' म्हणतात, म्हणजे पायावर चढवावयाचे कापडी वा चामडी वेष्टन. जर्मन भाषेत तो 'मान्शेट', म्हणजे सदऱ्याच्या बाहीचा कफ. या तिन्ही नावांत कल्पना एकच आहे : अंगावर चढविलेले वस्त्र. वस्त्राला होणारा अपाय एकच, तो म्हणजे फाटणे; आणि फाटलेल्यावर उपायही एकच, तो म्हणजे नवे आणणे. मला दोनदा मिळालेले निदान नावातच अर्धे दिलेले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या खेपेस मी सुटा भाग स्वतः आणला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा वस्तूंच्या खोक्यावर पुष्कळदा तीन भाषांत मजकूर असतो. इंग्रजी 'बूट'च्या खाली फ्रेंच शब्द होता 'सूफ्ले', अर्थात भाता. लोहाराचा भाता, बाजाच्या पेटीचा भाता! तो शब्द वाचला आणि खोके न उघडताच मी विजेरी घेऊन गाडीखाली शिरलो.

यास्काच्या निरुक्तात नामे धातूंपासून सिद्ध होतात या शाकटायनाच्या मतावर गार्ग्याचा एक आक्षेप दिलेला आहे : नाव जर क्रियेवरून पडत असेल, तर एका वस्तूचा जितक्या क्रियांशी संबंध तितकी तिला नावे पडावीत. विद्यार्थ्यांना हा आक्षेप नेहमी केवळ वादासाठी काढलेला वाटतो. पण येथे एका वस्तूला खरोखरच वेगवेगळी नावे पडली आहेत आणि प्रत्येक नावाने तिची एकच क्रिया उचलली आहे. इंग्रजी व जर्मन नावांनी झाकणे उचलले. फ्रेंच नावाने उघडणे-मिटणे उचलले. गाडी उंच केली असता बिघडते ती ही दुसरी क्रिया.

ती कशी, ते पाहू. दोन सांध्यांमधील अंतर ४५ सेंटिमीटर धरू. गाडीचे तोंड तीन इंच, म्हणजे ७.६ सेंटिमीटर, उंच केले की डिफरन्शियल गाडीबरोबर वर जातो आणि चाक जमिनीवरच राहते. दंड मूळचा जवळजवळ आडवा असेल तर आता तो सुमारे साडेनऊ अंश कलतो. कोन मोठा नाही. वळणावर बाहेरचा सांधा याहून कितीतरी अधिक वाकतो. परंतु वळण क्षणभराचे असते, हा कोन मात्र गाडी सरळ चालली असतानाही प्रत्येक मैलास कायम राहतो. वाकलेल्या भात्याच्या घड्या एका बाजूस उघडतात आणि दुसऱ्या बाजूस एकमेकींस चिकटतात. बाजाच्या पेटीचा भाता एका अंगाने उघडतो तसेच. भर इतकाच की हा भाता फिरतोही, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक घडी एकदा उघडते आणि एकदा मिटते. चाकाचा व्यास ७८ सेंटिमीटर असेल, तर ताशी ८० किलोमीटर वेगाने चाकाचे मिनिटास सुमारे ५४० फेरे होतात. मिटलेल्या घड्या तितक्याच वेळा एकमेकींवर घासतात आणि तापतात. आतली हवाही तापून फुगते व बाहेर पडण्यास वाट शोधते. ती वाट बहुधा आवरणाच्या निमुळत्या टोकाशी सापडते, कारण तिरप्या ओढीने तेथील ओठ पट्टीखालून किंचित उचलला जातो. हवेच्या मागोमाग वंगणातील तेल येते. टॅकोमात आसदंड चाकाच्या तुंब्याशी कायम जोडलेले असल्याने चारी चाकांची शक्ती चालू नसली तरी ते फिरतच राहतात. तेव्हा 'मी डोंगरात जात नाही' म्हणून या झिजेतून सुटका नाही.

याच कंपनीच्या १९८५ पर्यंतच्या जुन्या चौचाकी शक्तीच्या मालमोटारींत पुढचा आस एकसंध होता आणि सांधे पोलादी गोलकात बंद असत. आस चाकांबरोबर एकत्रच राहत असल्यामुळे गाडी उंच केली तरी त्या सांध्यांचा कोन बदलत नसे. १९८६ च्या नमुन्यापासून पुढची चाके स्वतंत्र झाली, प्रवास सुखाचा झाला आणि हा प्रश्न उत्पन्न झाला.

आता दुरुस्ती. 'गळती' या एका शब्दाखाली तीन भिन्न अवस्था येतात आणि त्यांचा घोटाळा झाला की पैसे वाया जातात. पहिली पाझर : आवरण अखंड आहे, पण टोकाच्या पट्टीखालून तेलकट ओल येते. दुसरी झीज : दोन घड्यांच्या मधल्या खाचेत घासून बारीक छिद्र पडले आहे, ते घडी बोटाने उलगडल्याखेरीज दिसत नाही. तिसरी फाट, जी लांबूनही दिसते. कोणती ते ठरविण्यासाठी सगळे आवरण पुसून कोरडे करावे, शे-दीडशे किलोमीटर गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. पहिल्याच दिवशी, सगळीकडे वंगण उडालेले असता केलेले निदान विश्वसनीय नसते. माझी गाडी दोन्ही वेळा त्याच अवस्थेत पाहिली गेली होती.

नुसता पाझर असेल तर आसदंड काढावाच लागत नाही. गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर ठेवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक काढावे. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : गाडी चौकटीखालून उचलली की चाकाची बाजू खाली लोंबते आणि कोन रस्त्यावर असतो त्याहून मोठा दिसतो. म्हणून खालच्या आर्मला दुसऱ्या जॅकचा आधार देऊन ती बाजू नेहमीच्या उंचीपर्यंत वर घ्यावी आणि मगच घड्या पाहाव्यात. निमुळत्या टोकाची जुनी पट्टी कापून काढावी. आवरणाचे ते टोक दंडावरून सांध्यापासून दूर असे थोडे, साधारण एखादा सेंटिमीटर, सरकवावे. मिटलेल्या घड्यांमध्ये फट दिसू लागली की पुरे. अधिक ताणल्यास चाक खाली लोंबताना आवरणच ओढले जाईल. मग ओठाची आतली बाजू आणि दंड ब्रेक धुण्याच्या द्रावाने पुसून पूर्ण कोरडे करावेत, कारण वंगणाचा पुसटसा थर राहिला तरी टोक परत सरकते. शेवटी ओठाखाली बोथट, पातळ सळई घालून आतली हवा बाहेरच्या हवेशी सम होऊ द्यावी, सळई काढावी आणि कान असलेली नवी पट्टी तिच्यासाठी असलेल्या पकडीने आवळावी. मूळच्या खाचेतून टोक बाहेर आल्यामुळे आता सगळा भार पट्टीवर असतो. साध्या पकडीने कान चेपून भागत नाही. ही सळईची युक्ती 'बूट' या शब्दातून सुचणार नाही, 'भाता' म्हटले की सुचते.

छिद्र किंवा फाट असेल तर मात्र आसदंड बाहेर काढावा लागतो. आतली वाळू सांध्यात गेली आहे काय, हे त्या वेळी पाहणे अगत्याचे असते. जुने वंगण संपूर्ण धुऊन छर्रे आणि त्यांच्या खाचा डोळ्यांनी व नखाने तपासाव्यात. वळताना टकटक आवाज येत असेल तर बाहेरचा सांधा, वेग घेताना गाडी थरथरत असेल तर आतला सांधा झिजला असण्याचा संभव मोठा; झिजलेल्या सांध्यावर नवे आवरण चढविणे व्यर्थ होय. सांधे चांगले असतील तर नवे आवरण, त्याबरोबर मिळणारे मोजके वंगण आणि नव्या पट्ट्या. मोठ्या कोनासाठी अधिक घड्यांची, मऊ द्रव्याची आवरणेही मिळतात. उंच केलेल्या गाडीस तीच घ्यावीत. डिफरन्शियलमधून दंड ओढताना तेथील तेलाचे सील दुखावले, तर एक गळती बंद करताना दुसरी उघडते.

राहिला मूळ कोन. डिफरन्शियलच्या पुढील आधारांखाली इंचभर जाडीचे तुकडे घालून तो खाली उतरविण्याचे संच विकले जातात. त्यांवर माझा फारसा विश्वास नाही. केवळ पुढचेच आधार उतरत असल्यामुळे डिफरन्शियल मागील आधाराभोवती कलतो, आणि दंड जेथून निघतो ती जागा इंचभर खाली येत नाही. ती १ सेंटिमीटर उतरली असे धरले तरी वरील मापांत लाभ सव्वा अंशाचा. उलट गाडीची उंची तीन इंचांवरून दोनवर आणली तर तीन अंशांहून अधिक लाभ होतो, आणि त्यास स्प्रिंगांच्या जुळवणीखेरीज काही लागत नाही. हौशी लोकांना हा उपाय आवडत नाही, हे मी जाणतो.

आपल्याकडे २०२० पासूनची महिंद्र थार आणि २०२२ पासूनची टोयोटा हायलक्स यांची पुढची रचना अशीच आहे. मात्र भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये निर्मात्याने नोंदविलेल्या स्वरूपात बदल करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कठोरपणे स्पष्ट केले आहे. तेव्हा गाडी उंच करण्याच्या विचारात असणाऱ्या विद्यार्थ्यांनी तेथपासून वाचन सुरू करावे.

माझ्या गाडीचे डावे आवरण अखंडच निघाले. टोक सरकवून नवी पट्टी आवळण्यास एक दुपार लागली. उजव्या आवरणाच्या दुसऱ्या खाचेत मात्र छिद्र होते आणि तेथे नवे आवरण घालावे लागले. गाडी दोन इंचांवर आणली. परत येईपर्यंतच्या चौदा महिन्यांत चाके आतून कोरडी राहिली. तीन भाषांतील ते रिकामे खोके अजून माझ्या विभागातील टेबलावर आहे. त्यात सध्या खडू असतात.