ज्याला दाणा, तो राजा

फ्रान्समध्ये नाताळचा सण ६ जानेवारीपर्यंत रेंगाळतो. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून तीन राजे आले, त्यांचा हा दिवस. त्या दिवशी कापतात तो 'गालेत दे रुआ', म्हणजे राजांचा केक. पॅरिसकडे तो खारीसारखा पापुद्र्यांचा असतो, आत बदामाचं सारण आणि त्यात दडवलेला एक दाणा. पूर्वी तो खरोखरच वालासारखा दाणा असे, आता चिनी मातीची इवलीशी मूर्ती असते. घरातलं सर्वांत धाकटं मूल टेबलाखाली बसतं आणि कुठला तुकडा कुणाला, ते तिथूनच सांगतं. वशिला चालत नाही! दाणा ज्याला मिळेल, तो त्या दिवसाचा राजा. डोक्यावर कागदी मुकुट.

खरं सांगू? मला राजापेक्षा भावतो तो जास्तीचा तुकडा. जुन्या रीतीप्रमाणे माणसांपेक्षा एक तुकडा अधिक कापायचा, तो दारी येणाऱ्या गरिबाचा. दाणा त्यातही निघू शकतो, बरं का.

राज्यक्रांतीत 'राजा' हा शब्दच नकोसा झाला, तेव्हा लोक याला 'समतेचा केक' म्हणू लागले. आजही राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जो केक येतो, त्यात दाणा घालत नाहीत. प्रजासत्ताकाच्या प्रमुखानं राजा होऊन कसं चालेल?