समाजमाध्यमे आणि घरचा धंदा

जाहिरात ही पासष्टावी कला आहे असे म्हणतात. एके काळी ही कला परवडणाऱ्यांचीच होती. वर्तमानपत्रातला चौकोन विकत घ्यावा लागे, नाहीतर भिंत रंगवावी लागे. आता मोबाइल घेतला की जाहिरातीचे साधन हाती येते. आपल्या महाविद्यालयातील कित्येकांच्या घरी दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, शिवणकाम आहे. त्यांनी ते वापरूनही पाहिले असेल. साधन आले म्हणजे कला आली असे मात्र नव्हे. हे मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलो, म्हणून हा लेख.

माझी आई उन्हाळ्यात बिबड्या आणि कुरडया करून विकते. गेल्या वर्षी मी मोठ्या उत्साहाने तिच्या जाहिरातीचे काम अंगावर घेतले. लग्नाच्या याद्या, नातेवाइकांच्या वह्या धुंडाळून २४० नंबर जमवले, व्हॉट्सॲपवर त्यांची प्रसारण यादी केली आणि आईच्या मोबाइलवरून बिबड्यांचा फोटो धाडून दिला. तीन उत्तरे आली. त्यांपैकी दोन माझ्या मावश्यांची! घरात डबे भरलेले, ज्वारीचे पैसे उधारीचे आणि मृग तोंडावर आलेला. आई म्हणाली, "बाबू, तुह्या मोबाइलनं काय व्हते? पाऊस आला तं मालाले बुरशी लागन."

चूक कुठे झाली ते नंतर कळले. प्रसारण यादीतून पाठवलेला निरोप, ज्याने आपला नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवला आहे त्यालाच पोचतो. एका यादीत २५६ नावे बसतात खरी. पण आईचा नंबर ज्यांनी कधी जपलाच नाही त्यांच्यासाठी आम्ही हाक मारलीच नव्हती. दाराची कडी आतून आहे, ती गिऱ्हाइकाने काढायची आहे. मग आम्ही प्रत्येक पुडीत एक चिठ्ठी घातली: 'हा नंबर नोंदवून ठेवा, ताजा माल निघाला की कळवू.' नवी यादी जेमतेम ६० जणांची झाली, पण उरलेला माल तिच्यावरच खपला.

कडी काढली तरी ती पुन्हा लावून घेणे गिऱ्हाइकाच्याच हाती असते. रोज उठून 'घ्या, घ्या' म्हणणाऱ्याला लोक कंटाळतात. या बाबतीत मला किर्लोस्करवाडीचे उदाहरण फार मोलाचे वाटते. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' काढले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी हा मूळ हेतू. पण शंकररावांनी त्यात वाचण्याजोगा मजकूर घातला आणि पाहता पाहता ते महाराष्ट्राचे आवडते मासिक झाले. नांगर न घेणारेही ते वाचू लागले. आम्हीही तोच कित्ता गिरवला. ज्वारी किती दिवस भिजवायची, बिबडी ओल्या कापडावर कशी थापतात, तळण्यापेक्षा भाजून का चांगली लागते, असे आठवड्यातून एकदाच लिहू लागलो. ते लोक आपणहून पुढे पाठवतात. सोबत भाव आणि टपालखर्च स्पष्ट लिहितो. 'भावासाठी संपर्क साधा' असे लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. भाव लपवणाऱ्या दुकानात आपण तरी चढतो का?

आपल्या गावापुरती एक अडचण निराळीच. मलकापूर नावाचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यात आहे, दुसरे कऱ्हाडला लागून आहे. इन्स्टाग्रामवर नुसते 'मलकापूर' लिहिले आणि कऱ्हाडच्या एका बाईंनी विचारले, "संध्याकाळी घ्यायला येऊ का?" तेव्हापासून जिल्हा बुलढाणा आणि पिन ४४३१०१ लिहिल्यावाचून काही टाकत नाही. गूगलच्या नकाशावर दुकान नोंदवणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. जाता जाता सांगतो, घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. तो क्रमांक पुडीवर छापला की परगावचे गिऱ्हाईक निर्धास्त होते.

आणि सगळा भार एकाच माध्यमावर टाकू नये. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा लाखो चाहते मिळवलेल्यांचा तेथला पसारा एका रात्रीत गेला. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम तिन्ही मिळून सहा तासांच्या आसपास बंद होते. माध्यम दुसऱ्याच्या मालकीचे असते. म्हणून आईने शंभर पानी वही घातली आहे. तीत गिऱ्हाइकाचे नाव, नंबर, गाव आणि तिखट किती लागते ते लिहिलेले असते.

यंदा फाल्गुनातच तिने ती वही काढली आणि ज्वारी भिजत घालण्याआधी एकेकाला विचारून घेतले की किती किलो लागेल. निरोप मीच टाइप केले, पण ज्यांची उत्तरे आली नाहीत त्यांना फोन तिने स्वतः लावले.