मेंदूतली पाण्याची दारे

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांवर जातो. घामावाटे मीठ गेलेले असताना नुसतेच पाणी भरमसाट प्यायले, तर रक्तातले सोडियम उतरते, पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि मेंदू सुजतो. तिथले मुख्य दार म्हणजे अ‍ॅक्वापोरिन-४ हे प्रथिन. धुळ्याच्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या शेतांत पाणी उताराने जाते, इथे क्षारांच्या ओढीने. अशा जलवाहिन्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मला जास्त अस्वस्थ करतो तो एक दुर्मीळ आजार. त्यात प्रतिकारशक्ती प्रतिपिंडे बनवून अ‍ॅक्वापोरिन-४ वरच उलटते. डोळ्यांची नस आणि मज्जारज्जू सुजतात, नजर जाते, पाय लुळे पडतात. त्या प्रतिपिंडांची रक्तचाचणी आहे. डोळा दुखून नजर अचानक अंधुक झाली, तर चष्म्याचा नंबर काढत बसू नका, मेंदूविकारतज्ज्ञ गाठा.