‘होम’ या शब्दाची यमके : इंग्रजीच्या पाठात कानाचे काम

महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून लहान लहान इंग्रजी गाणी खेड्यापाड्यांतील वर्गांत घुमू लागली आहेत. मुले ती हौसेने म्हणतात, तालावर टाळ्या देतात, पाठही करतात. परंतु गाणे पाठ होणे ही एक गोष्ट आणि त्यातील यमक कानाला कळणे ही दुसरी. पहिली गोष्ट पुष्कळ वर्गांतून साधते. दुसरी मात्र बहुधा राहून जाते, आणि तीच वाचनाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. यास्तव एकच नित्याच्या वापरातील शब्द घेऊन त्याची यमके कशी शोधावीत, हे येथे क्रमाने मांडले आहे. तो शब्द म्हणजे ‘होम’, अर्थात घर.

यमक कशास म्हणावे

मराठीत ‘घर’ या शब्दास ‘कर’, ‘झर’, ‘दर’ ही यमके होत. ‘घोर’ किंवा ‘घार’ हे शब्द ‘र’ने संपत असले, तरी त्यांना कोणी ‘घर’चे यमक म्हणणार नाही. शेवटचा स्वर आणि त्यापुढील व्यंजन ही दोन्ही जुळावीत आणि त्या स्वराच्या आधीचे व्यंजन मात्र निराळे असावे, हे यमकाचे मर्म आहे. इंग्रजीतही नियम हाच आहे. त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती आघाताची. जुळणारा स्वर आघात असलेला, म्हणजे जोर देऊन उच्चारलेला असावा लागतो. ‘वेल्कम’ या शब्दात जोर ‘वेल्’वर आहे व शेवटचा ‘कम’ दुबळा आहे. म्हणून त्या दुबळ्या शेपटाला धरून यमक चांगले बसत नाही.

‘होम’ हा एकावयवी शब्द आहे. त्याचे दोन भाग पाडावेत : आरंभीचा ‘ह्’ आणि मागील ‘ओम’. यमक शोधणे म्हणजे ‘ह्’ काढून त्या जागी दुसरे व्यंजन बसविणे आणि ‘ओम’ला धक्का न लावणे, एवढेच होय.

येथे उच्चाराविषयी एक सूचना अवश्य द्यावी. मराठीत ‘होम’ हा शब्द मुलांना होमहवनामुळे ठाऊक असतो. त्यातील ‘ओ’ आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो. इंग्रजी ‘होम’मधील ‘ओ’ शेवटी किंचित ‘उ’कडे झुकतो व ओठ हळूहळू मिटत येतात. शिक्षकांनी स्वतः तो दोनतीनदा सावकाश म्हणून दाखवावा आणि मुलांना ओठांकडे पाहावयास सांगावे.

पूर्ण यमके शोधण्याची रीत

‘ओम’च्या पुढे एकेक व्यंजन क्रमाने लावीत जावे आणि प्रत्येक वेळी ‘असा शब्द आहे काय?’ असे विचारावे. या रीतीने पुढील शब्द हाती येतात :

‘कोम’ म्हणजे फणी. ‘डोम’ म्हणजे घुमट. विजापूरच्या गोलघुमटाचे चित्र दाखविल्यास मुले हा शब्द विसरणार नाहीत. ‘फोम’ म्हणजे फेस. येथे वरचे दात खालच्या ओठावर टेकवून ‘फ’ उच्चारावा, मराठी ‘फळ’मधील ‘फ’ नव्हे. ‘लोम’ म्हणजे पोयट्याची माती. शेतकऱ्याच्या मुलाला हा शब्द सहज आपला वाटेल. ‘रोम’ म्हणजे भटकणे, आणि त्याच उच्चाराचे रोम हे इटलीतील शहर. ‘नोम’ म्हणजे गोष्टीतील बुटका, ‘टोम’ म्हणजे जाडजूड ग्रंथ, ‘क्रोम’ म्हणजे क्रोमियमचा चकचकीत मुलामा. आरंभी व्यंजन मुळीच न लावले तर ‘ओम’ हाच शब्द उरतो. ते विद्युतरोधाचे एकक असून जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम याच्या नावावरून ते पडले आहे. मोठ्या शब्दांत ‘हनीकोम’, म्हणजे मधाचे पोळे, हा शब्द उपयोगी पडतो.

हे सर्व शब्द मुलांना शिकवावेत असे नाही. पहिली-दुसरीसाठी ‘कोम’, ‘डोम’, ‘फोम’ हे तीन पुरेत. बाकीचे शिक्षकांच्या हाताशी असावेत, म्हणजे एखाद्या मुलाने आपण होऊन ‘रोम’ म्हटल्यास त्याला ‘शाबास’ म्हणता येईल.

मुले ‘बोम’, ‘झोम’ असे निरर्थक शब्दही रचतील. त्यांना चूक म्हणू नये. ‘यमक बरोबर जुळले, पण असा शब्द इंग्रजीत नाही’ असे सांगावे. कानाची परीक्षा आणि शब्दसंग्रहाची परीक्षा या दोन निराळ्या आहेत. एकीच्या अपयशाने दुसरीचे गुण कापू नयेत.

डोळ्यांची फसवणूक

वरील शब्द फळ्यावर लिहू लागताच एक अडचण उभी राहते. ‘होम’, ‘डोम’, ‘टोम’ यांच्या शेवटी ओ-एम-ई ही अक्षरे आहेत. ‘फोम’, ‘लोम’ आणि भटकणे या अर्थाचा ‘रोम’ यांच्या शेवटी ओ-ए-एम आहेत. ‘कोम’च्या शेवटी ओ-एम-बी असून त्यातील ‘बी’ मुका आहे. विजेच्या एककात ओ-एच-एम आहेत. ध्वनी एक आणि वेष चार, असा हा प्रकार आहे.

याच्या उलट प्रकार अधिक फसवा आहे. ‘कम’ म्हणजे येणे आणि ‘सम’ म्हणजे काही, या दोन शब्दांच्या शेवटी ‘होम’प्रमाणेच ओ-एम-ई आहेत, परंतु उच्चारात ‘ओ’ नाही. म्हणून ते ‘होम’चे यमक नव्हेत. त्याचप्रमाणे ओ-एम-बी ही अक्षरे ‘कोम’मध्ये ‘ओम’ अशी, ‘टूम’ म्हणजे थडगे या शब्दात ‘ऊम’ अशी आणि ‘बॉम’ म्हणजे बाँब या शब्दात ‘ऑम’ अशी उच्चारली जातात. जे केवळ डोळ्यांना जुळते त्याला ‘दृष्टियमक’ म्हणावे.

असे का झाले, हे शिक्षकांस ठाऊक असणे बरे. जुन्या इंग्रजीत ‘होम’चा उच्चार ‘हाम’ असा दीर्घ होता. पुढे त्या ‘आ’चा ‘ओ’ झाला. बर्मिंगहॅम या शहराच्या नावाच्या शेवटी तोच जुना शब्द अद्याप टिकून आहे. ‘कम’ आणि ‘सम’ या शब्दांत मूळचा स्वर ऱ्हस्व ‘उ’ होता. हस्तलिखितांच्या काळी ‘एम’, ‘एन’, ‘यू’ ही अक्षरे सारख्याच उभ्या रेघांनी लिहिली जात. रेघांची गर्दी होऊन वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून लेखनिक ‘यू’च्या जागी ‘ओ’ लिहू लागले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘कोम’मधील शेवटचा ‘बी’ एकेकाळी उच्चारला जाई. उच्चार गेला, अक्षर राहिले.

मराठी मुलाला ही अडचण विशेष जाणवते. च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार व असे काही अपवाद सोडले, तर मराठीत बहुतांशी जसे लिहावे तसे वाचावे. त्यामुळे अक्षर जुळले की ध्वनी जुळला, असा त्याचा रास्त अनुभव असतो. तोच विश्वास घेऊन तो इंग्रजीकडे येतो.

चुकीच्या खुणेची किंमत

समजा, ‘होमचे यमक लिहा’ असा प्रश्न आहे. एका मुलीने ‘कोम’ लिहिले आणि दुसऱ्या मुलाने ‘कम’ लिहिले. तपासणाऱ्याने घाईत अक्षरांकडे पाहून पहिलीला फुली व दुसऱ्याला बरोबरची खूण दिली. यात एक गुण इकडचा तिकडे झाला, एवढेच घडले नाही. ज्या मुलीने कानाने नीट ऐकले तिला आपला कान खोटा आहे असे शिकविले गेले. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्दही बोलला जात नाही, त्या घरच्या मुलीपाशी इंग्रजीसाठी दुसरे साधन कोणते? शाळेतील शिक्षकांचा आवाज आणि स्वतःचा कान, एवढेच. त्यातील कानावरचा विश्वास उडाला, तर पाठांतराखेरीज तिच्यापाशी काही उरत नाही. म्हणून यमकाचे उत्तर तपासताना शिक्षकांनी दोन्ही शब्द मोठ्याने उच्चारून मगच खूण करावी.

कानाच्या या शिक्षणाचा वाचनाशी संबंध आहे, हे शास्त्रीय अभ्यासानेही दिसून आले आहे. ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या चारशेहून अधिक मुलांचा अभ्यास करून १९८३ साली त्याचे निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. वाचावयास लागण्यापूर्वी ज्या मुलांना शब्दांतील सारखे ध्वनी ओळखता येत होते, ती पुढे वाचनात व शब्दलेखनात सरस ठरली. काही मुलांना ध्वनी ओळखण्याचे शिक्षण मुद्दाम दिले गेले. ध्वनीबरोबर अक्षरेही हाताळावयास दिलेल्या मुलांची प्रगती सर्वांत चांगली झाली. ती मुले इंग्रजी भाषकांची होती, हे लक्षात ठेवावे. तरीही ‘आधी कान, मग अक्षर, आणि शेवटी दोहोंची सांगड’ हा क्रम आपल्या वर्गासही सोयीचा आहे.

जवळची यमके आणि आपली वर्णमाला

पूर्ण यमक नेहमी सापडतेच असे नाही, आणि सापडले तरी अर्थाला शोभतेच असेही नाही. ‘होम’ला ‘टोम’ जुळतो खरा, पण जाडजूड ग्रंथाचा विषय मुलांच्या गाण्यात कोठून आणावा? अशा वेळी जवळच्या यमकाचा आधार घ्यावा. हे काही हीन साधन नव्हे. इंग्रजीत जॉन वॉकर याने १७७५ साली यमकांना उपयोगी पडणारा कोश प्रसिद्ध केला. त्यात शब्द शेवटच्या अक्षरांकडून लावलेले आहेत, आणि पूर्ण यमकांबरोबर ‘चालण्याजोग्या’ यमकांचीही त्याने नोंद केली आहे.

जवळची यमके शोधण्यासाठी मराठी शिक्षकांच्या हाती एक उत्तम साधन आधीच आहे, ते म्हणजे आपली वर्णमाला. इंग्रजी अक्षरांच्या क्रमात ध्वनीचा काही विचार नाही; मराठी वर्णमाला मात्र उच्चारस्थानांप्रमाणे रचलेली आहे. ‘होम’मधील शेवटचा ‘म’ हा प-वर्गातील अनुनासिक होय. त्याचे शेजारी दोन दिशांना आहेत.

पहिली दिशा अनुनासिकांची. ‘म’च्या जागी ‘न’ घ्यावा. ‘स्टोन’ म्हणजे दगड, ‘बोन’ म्हणजे हाड, ‘फोन’, ‘अलोन’ म्हणजे एकटा, असे शब्द मिळतात. ही ‘होम’ची सर्वांत जवळची उपयमके होत.

दुसरी दिशा वर्गाची. प-वर्गातील ‘प’ व ‘ब’ घ्यावेत. ‘होप’ म्हणजे आशा, ‘रोप’ म्हणजे दोर, ‘रोब’ म्हणजे झगा. ओठ तसेच मिटतात, पण आवाज नाकातून येत नाही. म्हणून हे थोडे दूरचे.

त्याहून दूर ‘रोड’, ‘गोट’, ‘नोज’ असे शब्द. येथे केवळ स्वर जुळतो, म्हणून याला ‘स्वरसाम्य’ म्हणावे. उलट ‘टाइम’, ‘नेम’, ‘रूम’ यांत केवळ शेवटचा ‘म’ जुळतो, ते ‘व्यंजनसाम्य’.

एक इशारा आवश्यक आहे. ‘होम’चे अनेकवचन करून शेवटी ‘ज्’ असा ध्वनी आला, की यमकातही तो यावयास हवा. ‘होम्ज्’ला ‘डोम्ज्’ आणि ‘कोम्ज्’ जुळतात. नुसता ‘डोम’ जुळत नाही.

वर्गात कसे घ्यावे

पहिली-दुसरीत पाटी-पेन्सिल बाजूला ठेवावी. शिक्षकांनी ‘होम–फोम’, ‘होम–कम’, ‘होम–डोम’ अशा जोड्या म्हणाव्यात. जुळली तर टाळी, न जुळली तर हाताची घडी. दहा मिनिटे पुरेत. तिसरी-चौथीत फळ्यावर तीन रकाने करावेत : ‘जुळते’, ‘जवळचे’, ‘नुसते दिसते’. मुलांनी शब्द आधी मोठ्याने म्हणावा, मगच रकाना सांगावा. द्विशिक्षकी शाळेत मोठ्या मुलांनी शब्द म्हणावेत व लहानांनी टाळी द्यावी. दोन इयत्तांचे काम एकत्र होते.

शेवटी दोन ओळी रचून घ्याव्यात. उदाहरणार्थ, ‘द बीज् आर इन द हनीकोम, द बर्ड्ज् आर फ्लाइंग होम’. मधमाश्या पोळ्यात आहेत, पाखरे घरी निघाली आहेत. जवळच्या यमकाचे उदाहरण : ‘आय सी द वेल, आय सी द स्टोन, आय नो द रोड, अँड आय ॲम होम’, विहीर दिसली, दगड दिसला, वाट ओळखीची आहे, घर आले. मुलांनी स्वतःच्या गावची वाट याच रीतीने रचावी.

‘होम’ झाल्यावर ‘डे’ घ्यावा. त्याला ‘वे’, ‘प्ले’ व ई-वाय ही अक्षरे असलेला ‘दे’ जुळतात, पण तीच अक्षरे असलेला ‘की’ जुळत नाही. नंतर ‘गुड’ घ्यावा व त्यासमोर ‘फूड’ आणि ‘ब्लड’ लिहावेत. तिन्हींच्या शेवटी अक्षरे तीच आहेत, उच्चार मात्र तीन. प्रत्येक शिक्षकाने अशी एक वही ठेवावी, दर आठवड्यास एक शब्द घ्यावा आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत ती वही सोबत आणावी. वर्षअखेर तीसएक शब्दांची यमके जमतील, आणि शेजारच्या शाळेच्या वहीशी ताडून पाहता तिची दुप्पट होईल.