'आब्लार' चालवा! (लायसन्सची गरज नाही)

शाळेत ज्यांना संस्कृत होतं त्यांना 'चालवणे' या शब्दाचा खरा अर्थ माहीत आहे. 'देव' चालवा, 'गम्' चालवा, 'वद्' चालवा. बाईक वगैरे फार नंतर आली. स्पॅनिश शिकायला घेतलं की हेच चालवणं पुन्हा नशिबी येतं. पहिल्या महिन्यातच हातात एक भलामोठा तक्ता पडतो आणि तो बघून अर्धा क्लास गळतो.

मी गेलं दीड वर्ष रविवारी स्पॅनिशच्या क्लासला जातो. पुस्तकं सगळी इंग्रजीतून. आपल्या हॉस्टेलवर विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आपण मराठी मीडियमवाले, इंग्रजीचीच बोंब, त्यात आणखी स्पॅनिश कुठून जमणार?" या लेखात मला एवढंच दाखवायचंय की क्रियापदांच्या बाबतीत गोष्ट बरोबर उलटी आहे. मध्ये इंग्रजी न आणता थेट मराठीतून गेलात, तर रस्ता जवळचा पडतो. खोटं वाटत असेल तर पुढे वाचा.

गाडीचे पार्ट

आपण 'आब्लार' हे क्रियापद घेऊ. अर्थ 'बोलणे'. लिहिताना सुरुवातीला 'ह' असतो, पण तो कुणी उच्चारत नाही. बोलणे मधलं 'णे' काढलं की उरतो धातू 'बोल'. तसंच आब्लार मधलं 'आर' काढलं की उरतो धातू 'आब्ल'. आता फक्त प्रत्यय जोडायचे. वर्तमानकाळ असा :

मी (यो) – आब्लो – बोलतो, बोलते
तू (तू) – आब्लास – बोलतोस, बोलतेस
तो, ती (एल, एया) – आब्ला – बोलतो, बोलते
आम्ही (नोसोत्रोस) – आब्लामोस – बोलतो
तुम्ही (बोसोत्रोस) – आब्लाइस – बोलता
ते (एयोस) – आब्लान – बोलतात

दुसऱ्या ओळीत छपाईची चूक नाही. स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे तूच! संस्कृत आणि लॅटिन या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या, त्यामुळे हे सर्वनाम दोन्हीकडे टिकून राहिलं. आणि 'तू' आला की क्रियापदाच्या शेवटी 'स' येतो, आपल्याकडे 'बोलतोस' तसा. संस्कृतातल्या 'वदसि' मधला 'सि' आणि लॅटिनमधला हा 'स' एकाच घराण्यातले.

आणखी एक फायदा. इंग्रजीत कर्ता गाळता येत नाही. आपण मात्र "कुठे चाललास?" एवढंच विचारतो, 'तू' म्हणत नाही, कारण तो 'स' मध्येच आहे. स्पॅनिशही अगदी तसंच. 'आब्लो' म्हटलं की 'मी' आलाच.

मुलींसाठी खास सवलत : बोलतो-बोलते हा फरक स्पॅनिश क्रियापदात नाही. मुलगा असो वा मुलगी, 'आब्लो'.

आदराने बोलायचं असेल तर 'उस्तेद' वापरतात आणि क्रियापद मात्र 'तो' चं, म्हणजे 'आब्ला'. हे इंग्रजीतून समजावताना सरांची दमछाक होते. पण 'उस्तेद' हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे 'आपली कृपा', याचा झिजून झालेला. ऐतिहासिक नाटकात महाराजांनाच तोंडावर "महाराज काय म्हणतात?" असं विचारतात ना? तोच प्रकार. अनेकवचनी 'बोसोत्रोस' मुख्यतः स्पेनमध्ये चालतं. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्याच्या जागी 'उस्तेदेस' आणि 'ते' चं रूप, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांची एक ओळ वाचली.

भूतकाळ : इंग्रजी इथे घसरते

स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन. इंग्रजी पुस्तकं यावर दोन-दोन प्रकरणं खर्च करतात, कारण इंग्रजीचा एकच साधा भूतकाळ दोन्हीकडे वापरला जातो. आपल्याला मात्र हे दोन जन्मापासून येतात.

काल आईशी बोललो – आब्लेऽ.
पहिल्या वर्षाला दर रविवारी आईशी बोलायचो – आब्लाबा.

एकदा घडून संपलेलं ते 'बोललो'. पुन्हा पुन्हा घडायचं, किंवा मागे चालू होतं, ते 'बोलायचो', 'बोलत होतो'. शाळेच्या व्याकरणात 'बोलायचो' ला रीतिभूतकाळ म्हणतात, आठवतंय का? "मेसचे काका बोलत होते, तेवढ्यात रेक्टर आले" यात काकांना दुसरा भूतकाळ लावा (आब्लाबान, आदरार्थी अनेकवचन नको असेल तर आब्लाबा) आणि रेक्टरना पहिला. आपण विचार न करता जे करतो तेच करायचं.

बोललो : आब्लेऽ, आब्लास्ते, आब्लोऽ, आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन.
बोलायचो : आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान.

'आब्लामोस' वर्तमानातही होतं आणि इथेही आहे. घाबरू नका, आपलंही 'बोललो' मी आणि आम्ही दोघांना चालतं. संदर्भावरून कळतं.

एक ठिकाणी मात्र मराठी सवय सोडावी लागते. आपण म्हणतो, त्याने पोळी खाल्ली, त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. क्रियापद पोळीच्या मागे धावतं. स्पॅनिशमध्ये ते कायम खाणाऱ्याच्या मागे असतं. पोळ्या दोन असोत की बारा, 'कोमियोऽ'.

भविष्यकाळ : तयार मालावर जोडकाम

इथे धातू कापायचा नाही. अख्खं 'आब्लार' घ्या आणि पुढे जोडा : आब्लारेऽ, आब्लाराऽस, आब्लाराऽ, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लाराऽन.

हे प्रत्यय आले कुठून? लॅटिनमध्ये बोलताना लोक 'कान्तारे हाबेओ' असं म्हणू लागले. शब्दशः 'गाणे आहे माझ्याकडे', म्हणजे आपलं 'मला गायचंय'. पुढे हे दोन शब्द वेल्ड होऊन एक झाले. त्या 'हाबेओ' चं स्पॅनिशमध्ये झालं 'ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन'. वरचे प्रत्यय पुन्हा बघा, तेच आहेत! अंतोनियो दे नेब्रिखाने १४९२ साली कास्टिलियन भाषेचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, त्यातही त्याने ही जोडणी नोंदवली आहे.

याचा व्यवहारात फायदा असा की 'बोललो आहे' सुद्धा याच सहा तुकड्यांवर फुकटात मिळतं : ए आब्लादो, आस आब्लादो, आ आब्लादो... 'आब्लादो' बदलत नाही. एक पाठांतर, दोन काळ. परीक्षेच्या आदल्या रात्री याहून चांगली बातमी नसते.

अर्थ : खरी भानगड

काळ सोपे. लोक अडकतात ते पुढे. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ पाठ केले होते : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दोन मार्कांसाठी केलेलं ते पाठांतर इथे वसूल होतं.

आत्तापर्यंतची सगळी रूपं स्वार्थाची, म्हणजे सरळ माहिती.

आज्ञार्थ : 'बोल' म्हणजे 'आब्ला'. 'बोलू नकोस' म्हणजे 'नो आब्लेस'. गंमत बघा, 'बोल' मध्ये 'स' नाही, 'नकोस' मध्ये आहे. स्पॅनिशमध्येही नेमकं तसंच. योगायोग असेल, पण लक्षात ठेवायला उत्तम.

विध्यर्थ : "तू बोलावंस असं मला वाटतं." इथे 'बोलतोस' म्हणून चालेल का? नाही. बोलणं अजून घडलेलं नाही, ते फक्त माझ्या मनात आहे. स्पॅनिशमध्ये हेच 'किएरो के आब्लेस'. आब्लास चं आब्लेस झालं, 'आ' चा 'ए'. पूर्ण ओळ : आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन.

'कोमेर' (खाणे) आणि 'बिबिर' (राहणे) या दुसऱ्या दोन घराण्यांत उलटं होतं, तिथे 'आ' येतो : कोमा, बिबा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला नॉट गेट समजावं. आत जे जातं, बाहेर त्याचं उलटं येतं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर 'बोलावं' ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. शंका असली तरी हेच रूप येतं : "तो बोलत असेल असं वाटत नाही" म्हणजे 'नो क्रेओ के आब्ले'. इथे आपलं 'असेल' मदतीला येतं. पण "तू बोलतोस याचा आनंद आहे" यातही स्पॅनिश माणूस 'आब्लेस' च म्हणतो, आणि आपण साधं 'बोलतोस' म्हणतो. म्हणून नियम असा धरा : इच्छा, शंका आणि भावना यांच्यानंतर 'के' आला आणि कर्ता बदलला, की गेट चालू.

संकेतार्थ : "स्पॅनिश बोलता आलं असतं तर मेक्सिकोत काम केलं असतं." सी आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीया एन मेखिको. 'जर' च्या बाजूला 'आब्लारा' : यासाठी 'आब्लारोन' मधलं 'रोन' काढून 'रा' लावायचं. ही युक्ती अनियमित क्रियापदांनाही लागू पडते, एकही अपवाद नाही. 'तर' च्या बाजूला अख्खं क्रियापद अधिक 'ईया'.

सगळ्यात मोठा धोका : जोर

वर काही ठिकाणी मी 'ऽ' टाकलाय. तिथे शेवटच्या अक्षरावर जोर द्यायचा. मराठीत जोर हलला म्हणून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपलं तिकडे लक्षच नसतं. इथे बदलतो :

आब्लो – मी बोलतो. आब्लोऽ – तो बोलला.
आब्ले – (त्याने) बोलावं. आब्लेऽ – मी बोललो.
आब्लारा – (तो) बोलला असता तर. आब्लाराऽ – तो बोलेल.

नोकरीच्या मुलाखतीत 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' यात केवढा फरक पडेल ते तुम्हीच ठरवा. ही तीन जोड्या रोज मोठ्याने म्हणा. रूममेट वैतागला की समजा बरोबर चाललंय.

मग हिशेब काय झाला?

काळ-अर्थांचे सात तक्ते, प्रत्येकी सहा रूपं, म्हणजे ४२. पण हे ४२ एकदाच. 'आर' चं घराणं स्पॅनिशमध्ये सर्वांत मोठं आहे आणि नवीन जन्मणारी क्रियापदंही इथेच नाव नोंदवतात : चॅट करणे 'चातेआर', स्कॅन करणे 'एस्कानेआर', फॉरमॅट मारणे 'फोर्मातेआर'. एकदा साचा तयार झाला की माल काढत बसायचं.

माझा सल्ला : कपाटाच्या दारावर तक्ता चिकटवा, पण त्यात इंग्रजी कॉलम ठेवू नका. डावीकडे बोलतो, बोललो, बोलायचो, बोलेन, बोलावं, बोललो असतो लिहा, आणि उजवीकडे स्पॅनिश. ज्या मराठीमुळे आपण क्लासच्या शेवटच्या बाकावर बसतो, तीच इथे पुढे घेऊन जाते.

आता थोडा होमवर्क. क्रियापद 'एस्तुदियार', अर्थ अभ्यास करणे.

१. मी रोज अभ्यास करतो. (असं समजा.)
२. बारावीला मी रात्रभर अभ्यास करायचो.
३. काल मी अभ्यास केला.
४. उद्यापासून मी अभ्यास करेन.
५. मी अभ्यास करावा अशी घरच्यांची इच्छा आहे.

उत्तरं : १. एस्तुदियो २. एस्तुदियाबा ३. एस्तुदियेऽ ४. एस्तुदियारेऽ ५. एस्तुदिये.

चौथं वाक्य आपल्या विंगमध्ये सर्वांत जास्त वापरलं जातं, तेव्हा ते आधी पाठ करा.