पुढारी गेल्यावर संघटनेचे काय?

संघटनेचा पुढारी गेला की दुखवट्याची सभा संपण्यापूर्वीच एक प्रश्न कुजबुजला जातो : कचेरीच्या किल्ल्या आता कोणाकडे? कामगार चळवळीत आम्ही तो अनेकदा ऐकला आहे. श्रोतेहो, आज त्याचा विचार आपण अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या उदाहरणावरून करू. हा पंथ आपल्या प्रांताला अगदीच अपरिचित नाही. त्यांचा प्रचारक ह्यू फिंडले १८५२ साली मुंबईस आला होता आणि पुढे पुण्यासही गेला होता.

जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. मिसूरीतून हाकलून दिल्यावर अनुयायांनी इलिनॉय राज्यात, मिसिसिपीच्या काठी, नॉवू हे शहर वसविले. १८४४ च्या जूनमध्ये तेथील फुटीर मंडळींनी पत्र काढून स्मिथवर बहुपत्नीत्वाचे व एकहाती सत्तेचे आरोप केले. स्मिथ स्वतः नगराध्यक्ष. नगरसभेने छापखानाच मोडून टाकविला. त्या प्रकरणातून स्मिथला कार्थेजच्या तुरुंगात जावे लागले, आणि २७ जूनला जमावाने आत घुसून त्याला व त्याचा भाऊ हायरम याला ठार केले.

वारस कोण, याचा एकच स्पष्ट नियम मागे नव्हता. ८ ऑगस्टला नॉवूत सभा भरली. स्मिथचा हयात सल्लागार सिडनी रिग्डन म्हणाला, मला पालक नेमा. ब्रिगहॅम यंग म्हणाला, अधिकार बारा प्रेषितांच्या मंडळाचा आहे. सभेने कौल मंडळाला दिला. परंतु हात वर झाले म्हणून मने एक होत नाहीत. रिग्डन वेगळा झाला. जेम्स स्ट्रँग याने स्मिथचे पत्र आपल्याजवळ असल्याचे सांगून निराळा गट उभारला. १८५० साली मिशिगन सरोवरातील बीव्हर बेटावर स्वतःला राजा म्हणून अभिषेक करविला आणि १८५६ साली आपल्याच असंतुष्ट अनुयायांच्या गोळ्यांना बळी पडला. स्मिथची पत्नी एमा नॉवूतच राहिली. तिचा मुलगा १८६० साली आणखी एका शाखेचा प्रमुख झाला.

यंग हा मूळचा सुतार व रंगारी, शाळा जवळजवळ न पाहिलेला. १८४६ च्या फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली लोक नॉवू सोडू लागले. जुलै १८४७ मध्ये पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. कोरड्या जमिनीत नांगर चालेना, तेव्हा त्यांनी लगेच ओढा अडवून पाणी शेतात वळविले. ओढे व लाकूडफाटा कोणा एकाच्या मालकीचे नाहीत, हा त्यांचा आरंभीचा दंडक होता. पाट सर्वांनी खणायचे, पाणी पाळीने घ्यायचे. यंगच्या हयातीत, म्हणजे १८७७ पर्यंत, अशी तीनशेहून अधिक गावे वसली.

पण या जमाखर्चाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. ती भूमी ओसाड नव्हती. यूट व शोशोन लोकांची होती, आणि शेते वाढली तशी त्यांची शिकार व कंदमुळे आटली. सप्टेंबर १८५७ मध्ये माउंटन मेडोज येथे मॉर्मन सैनिकांनी काही पाय्यूट लोकांना हाताशी धरून सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली. त्याआधी, १८५६ साली, गरीब स्थलांतरितांच्या हातगाड्यांच्या दोन तुकड्या उशिरा निघाल्या. लिव्हाय सॅव्हेज या अनुभवी माणसाने हिवाळा संपेपर्यंत थांबा, असे बजावले. श्रद्धा कमी म्हणून त्यालाच दटावण्यात आले. तोही मग सोबत निघाला. वाटेत बर्फाने गाठले आणि दोन तुकड्यांतील दोनशेहून अधिक माणसे दगावली.

एकजुटीची महती आम्ही जन्मभर गायिली आहे, पुढेही गाऊ. वाळवंटात पाट काढतो तो एकजुटीचाच हात. परंतु वारसाचा नियम पुढारी जिवंत असतानाच लिहून ठेवावा, आणि सभेत ‘थांबा’ म्हणणाऱ्याला फितूर ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे. सॅव्हेजसारखा माणूस प्रत्येक संघटनेत असतो. त्याला बोलू देणारा अध्यक्ष मात्र आपल्याला घडवावा लागतो.