सिकलसेल रुग्णांतील फुप्फुसधमनी उच्च रक्तदाब आणि नव्या शिथिलक संयुगांची चाचणी : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब सर्वांच्या परिचयाचा आहे. फुप्फुसाकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीतील दाब मात्र या साधनाने कळत नाही. विश्रांतीच्या अवस्थेत या धमनीतील सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्याहून अधिक असल्यास त्यास फुप्फुसीय उच्च रक्तदाब म्हणतात. दाब वाढल्याने हृदयाच्या उजव्या कप्प्यावर ताण पडतो, रुग्णास धाप लागते व कालांतराने हृदय निकामी होते. विदर्भातील अनुसूचित जाती-जमातींमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक आजार लक्षणीय प्रमाणात आढळतो आणि त्याच्या गंभीर गुंतागुंतींपैकी ही एक आहे. त्यामुळे नव्या रक्तवाहिनी-शिथिलक संयुगांची पारख कशी होते, हा प्रश्न अमरावती व अकोला या जिल्ह्यांसाठी केवळ पुस्तकी राहत नाही.

शिथिलीकरणाची यंत्रणा :
रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर प्रयोग करून दाखविले की, ॲसिटिलकोलीनमुळे धमनी सैल होण्यासाठी तिचे आतील अस्तर शाबूत असावे लागते. अस्तरातून स्रवणारा तो घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू होय. या संशोधनास १९९८ चे नोबेल पारितोषिक लाभले. नायट्रिक ऑक्साइड स्नायुपेशीत चक्रीय जीएमपी हा संदेशवाहक निर्माण करतो व स्नायू सैल पडतो. सिल्डेनाफिल हे औषध या संदेशवाहकाचे विघटन रोखते. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटतात, त्यांतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे होऊन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते आणि धमन्या आकुंचित राहतात.

चाचणीच्या पायऱ्या :
पहिल्या पायरीवर उंदराच्या धमनीचे लहान कडे ३७ अंश सेल्सिअस तापमानाच्या क्षारद्रावणात टांगतात व त्यातून प्राणवायू सोडतात. फेनिलेफ्रिनने ते आकुंचित करून नव्या संयुगाची मात्रा क्रमाने वाढवितात आणि जास्तीत जास्त परिणामाच्या निम्मा परिणाम कोणत्या मात्रेस होतो, हे काढतात. अस्तर खरडून काढल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर संयुग अस्तरामार्फत कार्य करते असे अनुमान निघते. परंतु निरोगी धमनीचे कडे सैल पडणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे. रोगात धमनीची भिंतच जाड झालेली असते.

म्हणून दुसऱ्या पायरीवर उंदरांना मोनोक्रोटॅलिन देऊन रोगसदृश स्थिती निर्माण करतात. हे विषारी द्रव्य खुळखुळ्याच्या वनस्पतिकुलातील काही जातींत आढळते. वऱ्हाडातील शेतकऱ्यास हिरवळीचे खत म्हणून परिचित असलेला ताग याच प्रजातीतील होय. येथे फुप्फुसधमनीचा दाब उतरतो काय आणि त्याच वेळी सर्व शरीराचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरत नाही ना, हे दोन्ही पाहावे लागते. त्यानंतरच मानवी चाचणीचा विचार होतो.

सिकलसेलचा धडा :
सिल्डेनाफिलला अमेरिकेत २००५ मध्ये फुप्फुसधमनी उच्च रक्तदाबासाठी मान्यता मिळाली. तेच औषध सिकलसेल रुग्णांवर अमेरिका व ब्रिटनमध्ये तपासले गेले, तेव्हा २००९ मध्ये चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के रुग्णांना तीव्र वेदनांमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. सहा मिनिटांत चालण्याच्या अंतरात सुधारणाही दिसली नाही. तर्काने योग्य वाटणारे औषध प्रत्यक्षात अपायकारक ठरू शकते, हे यातून स्पष्ट झाले.

निदानाचाही प्रश्न आहे. फ्रान्समधील ३९८ प्रौढ रुग्णांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयाच्या ध्वनिचित्रणाने सुमारे २७ टक्के रुग्ण संशयित ठरले. हृदयात नलिका घालून केलेल्या तपासणीत त्यांपैकी केवळ २४ जणांत आजार निश्चित झाला आणि त्यांतही १३ जणांत दोष हृदयाच्या डाव्या बाजूकडील होता. अशा रुग्णांत धमनी सैल करणारे औषध फुप्फुसात पाणी साचवू शकते. याशिवाय भारतातील सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकी वंशाच्या रुग्णांहून वेगळा असून त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण अधिक असते. परदेशी निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

स्थानिक जबाबदारी :
१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. तपासणीत आढळलेल्या रुग्णांपैकी ज्यांना धाप लागते, त्यांची हृदयतपासणी होणे ही पुढील पायरी आहे. मानवी चाचणीसाठी २०१९ च्या नियमांनुसार नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची माहितीपूर्ण संमती आवश्यक आहे. मेळघाटातील कोरकू रुग्णास ही माहिती कोरकू भाषेत मिळाली नाही, तर कागदावरील अंगठा म्हणजे संमती असे म्हणता येणार नाही.

निष्कर्ष :
धमनीच्या कड्यावरील प्रयोग महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही शक्य आहे व तो उपयुक्तही आहे. मात्र त्यातून केवळ शक्यता कळते. औषधाची अंतिम परीक्षा, ज्या रुग्णांना ते द्यावयाचे त्यांच्यातच, अचूक निदानानंतर आणि त्यांच्या खऱ्या संमतीने व्हावयास हवी.